बसूअण्णाचा उजवा हात

"एका हातानं चालतंय काय ओ हे?"

दारातून प्रश्न आला आणि मी मान वर न करताच सांगून मोकळा झालो, "दोन्ही हात लागतात." दिवसातून दहा जणांना तेच सांगायची सवय होती. मग वर पाहिलं. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला विभूती, पस्तिशीचा माणूस. शर्टाची उजवी बाही कोपराच्या वर दुमडून सेफ्टी पिनेनं टाचलेली. मी जीभ चावली.

"पोरांच्या खेळाचं न्हाई विचारत," तो म्हणाला. "ते हातात धरायचं असतंय, ठावं हाय मला. त्या कोपऱ्यातल्याचं विचारालोय. बायका नाचत्यात बघा त्याच्यापुढं."

"त्याला एकही हात लागत नाही," मी म्हणालो, आणि पुन्हा जीभ चावली.

तो मोठ्यानं हसला. "मग तर आमचंच मशीन की ते."

माझं तेव्हा इचलकरंजीत गेमचं दुकान होतं. 'चॅम्पियन गेम झोन'. पुढं मोबाइल आले आणि त्यांनी असल्या दुकानांचा निकाल लावला, पण त्या काळात कॉलेजची पोरं माझ्याकडं पडीक असायची. रिमोट दोन्ही हातांत धरायचा, दोन्ही अंगठे आणि बोटं बटणांवर नाचवायची आणि पडद्यावर माणसं मारायची. आई हाक मारून दमली तरी ही पोरं हलायची नाहीत. अशात कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं, मगदुमानं, मला नवं मशीन गळ्यात मारलं. टीव्हीखाली एक कॅमेरा ठेवायचा. हातात काही धरायचं नाही. समोरच्या मॅटवर उभं राहून आपण हात हलवला की पडद्यावरचं बाहुलंही हात हलवतं. आपण उडी मारली की तेही मारतं.

पोरांनी ते पाहिलं आणि नाकं मुरडली. "सन्मती, गेम झोन मोडून व्यायामशाळा काढलास काय?" असं म्हणून त्यांनी आपला अड्डा स्टँडजवळच्या दुकानात हलवला. माझी अवस्था तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं अशी झाली. मगदुमाला फोन करून शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "अरे, सांगली बघ, कोल्हापूर बघ. कंपन्यांना आता पोरं नको झाल्यात. पोरांच्या आया पाहिजेत."

माणूस लबाड होता, पण बोलला ते खरं निघालं. आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आल्या. कामाची पाळी सुटली की घोळक्यानं यायच्या, पदर खोचायच्या आणि बॉलिंगच्या खेळात असे काही चेंडू फेकायच्या की मॅट सरकायची. मग एक रिटायर मास्तर बायकोला घेऊन टेनिस खेळायला येऊ लागले. जन्मात ज्यांनी गेम म्हणून काही हातात धरलं नव्हतं, ती सगळी माणसं माझ्या दुकानात घाम गाळू लागली. खेळ बोटांतून निघून अंगात आला होता. आणि त्याच वाटेनं एका दुपारी बसूअण्णा आला.

बसाप्पा हळिंगळे. त्याच्या गल्लीत सगळे त्याला बसूअण्णा म्हणत. पूर्वी तो सायझिंगमध्ये कामाला होता. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात आणि मोठाल्या तापलेल्या रोलरांवरून वाळवतात, तिथं. त्या रोलरांनी त्याचा हात खाल्ला होता. हे मला ऐकून माहीत होतं, माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

मी त्याला मॅटवर उभं केलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि पडद्यावर बाहुलं आलं. निळा सदरा घातलेलं, गोल डोक्याचं, सगळ्यांना मिळतं तसलंच. अण्णानं डावा हात हलवला, बाहुल्यानं हलवला. अण्णा वाकला, ते वाकलं. आणि मग आम्हा दोघांचीही नजर एकाच वेळी तिथं गेली.

बाहुल्याला उजवा हात होता.

आता तो असणारच. मशीननं बाहुलं बनवलं ते दोन हातांचं, ग्राहकाप्रमाणं बाहुली बेतायला ते काही शिंपी नव्हतं. पण नसलेला हात एक तर लोंबायला पाहिजे, नाही तर अंगाला चिकटलेला पाहिजे. हा तसा नव्हता. तो बाजूला ताणलेला होता. कमरेच्या जरा वर, कोपर सरळ, मनगट पुढं. जणू पडद्याच्या बाहेरून कुणी ओढत होतं आणि हा हात सोडत नव्हता.

"हाय की," अण्णा म्हणाला. हरवलेलं जनावर गोठ्यात दिसल्यावर माणूस म्हणतो तसं, हळू.

त्यानं डाव्या हातानं चेंडू टाकला. सगळ्या बाटल्या पडल्या, पडद्यावर फटाके उडाले. त्यानं तिकडं पाहिलंही नाही. तो हाताकडंच पाहत होता.

"दुखतोय बघ तो," तो म्हणाला.

"कोण?"

"त्योच. नसलेला. मूठ आवळलेली हाय, उघडतच न्हाई. नखं तळव्यात रुतत्यात. डाक्टर म्हणतात डोक्याचा खेळ हाय, सवय होईल. चार वर्सं झाली, सवय होईना झालीया. दुखायला हात न्हाई आन् झोपायला डोळा न्हाई." त्यानं पडद्याकडं बोट केलं. "हितं मला त्यो दिसतोय. दिसतोय म्हंजे खाली घेता येईल. खाली आला की मूठ सुटंल. काय?"

गेम झोनच्या मालकानं असल्या गोष्टीत होकार द्यावा की नकार? मी म्हटलं, "बघूया की अण्णा. रोज येत जा."

तो रोज येऊ लागला. दुपारची जेवणं झाली, दुकान सुनं असलं, की त्याच्या चपला दारात वाजायच्या. खेळ नावालाच. चार चेंडू टाकायचे आणि मग नुसतं उभं राहून पडद्यावरचा तो हात खाली आणायचा प्रयत्न करायचा. उजवा खांदा हलायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, कपाळावरची विभूती घामानं ओघळायची. पडद्यावर हात थरथरायचा. खाली मात्र यायचा नाही.

एकदा तो दमून स्टुलावर बसला तेव्हा मी विचारलं, "मूठ आवळली कशी हो अण्णा?"

"निलव्वाचा पदर धरलता," तो म्हणाला. "खळीच्या बादल्या आणून ओतायची ती. रायबागकडची. पदर रोलरमधी गेला. मशीन बंद करायला बटण पलीकडं. मी पदर धरला आन् मागं ओढला. पदराबरूबर हात गेला." मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "पर ती वाचली. भाऊ गावाला घेऊन गेला. लगीन झालं तिचं, पोरगी झाली. पेढं बी आलते आमच्याकडं. गौरव्वा नाव ठेवलंय पोरीचं."

"बरं झालं," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. हात गेला, पण एक संसार उभा राहिला. हिशोब अगदीच काही आतबट्ट्याचा नव्हता.

रात्री मगदुमाला फोन लावला. तो म्हणाला, "त्यात काय? कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते मशीन अंदाजानं जोडतं. आडोसा आला, हात पाठीमागं गेला, की त्याच्या मनानं लावून टाकतं. मागचा पडदाबिडदा बघ, त्यालाच हात समजत असेल." मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मॅटमागच्या भिंतीवरचा पडदा काढला. हात तसाच.

मग तो दुसरा खेळाडू आला.

त्या दुपारी अण्णा नुकताच मॅटवर उभा राहिला होता. मी गल्ल्यावर शेंगा सोलत होतो. पडद्यावरून घंटी वाजली. दोघे जण खेळायला उभे राहिले की वाजते ती. मान वर केली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, दुसरा खेळाडू तयार आहे. आणि अण्णाच्या बाहुल्याच्या उजवीकडं, त्या ताणलेल्या हाताच्या अगदी टोकाशी, दुसरं बाहुलं उभं होतं. लहानखुरं. ते हलत नव्हतं. फक्त श्वास घ्यावा तसं किंचित वरखाली होत होतं.

मॅटवर अण्णा एकटा होता. त्याच्या उजव्या बाजूला फरशी होती आणि तिच्यावर खिडकीतून पडलेलं ऊन.

"कोण आलंय?" अण्णानं विचारलं. आवाज साधा होता, कुणी दार वाजवल्यावर विचारावं तसा.

"कुणी नाही. कॅमेऱ्यावर धूळ बसली असेल," मी म्हणालो आणि फडकं घेऊन धावलो. काच पुसली. कूलर हलवला. कॅलेंडर काढलं. देवाचा फोटो काढायला हात धजेना, तो तेवढा ठेवला. मशीन बंद करून चालू केलं. अण्णा मॅटवर आला, हात ताणला गेला, घंटी वाजली, दुसरं बाहुलं आलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अमावस्येला दुकानापुढं नारळ फोडतो, पण तो धंद्याचा भाग झाला. तरी खरं सांगतो, मला भीती वाटली. मी स्वतः मॅटवर उभा राहून पाहिलं, बायकांना उभं केलं, मास्तरांना केलं. कुणाबरोबर काही आलं नाही. फक्त अण्णा आला की यायचं. जागाही तीच, हाताच्या टोकाशी. कांड्यावाल्या बायकांच्या कानावर कसं गेलं देव जाणे, पण त्यांनी अण्णाच्या वेळेला दुकानाच्या पायरीवरही पाय ठेवणं सोडलं, आणि एकीनं माझ्या शटरला लिंबू-मिरची बांधून टाकली.

अण्णाला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. उलट तो जास्त वेळ थांबू लागला. त्याचे डोळे खोल गेले होते. जाताना म्हणायचा, "आज लई ओढ हुती."

शेवटी मी त्याच्या घरी गेलो, तो घरी नसेल अशी वेळ धरून. घरात त्याची थोरली बहीण होती, चन्नक्का. लहानपणीच विधवा झालेली, पोटी मूल नाही, या भावालाच तिनं वाढवलेलं. पुढच्या खोलीत कांड्या भरायचं यंत्र चालू होतं. मला पाहून तिनं ते बंद केलं.

"काय रे सन्मती? त्यानं काय मोडलं तोडलं काय तुझं?"

"नाही अक्का." मग मी सगळं सांगितलं. हात, पदर, मूठ, आणि ते दुसरं बाहुलं. सांगताना मलाच माझं हसू येत होतं, पण ते ओठांपर्यंत पोचत नव्हतं. अक्का उठली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"कसं उभं ऱ्हातंय ते?"

"कसं म्हणजे?"

"न्हाई, काय न्हाई." ती खाली बसली. मग म्हणाली, "ती जाग्यावरच गेली, सन्मती."

"कोण?"

"निलव्वा. रोलरपाशीच गेली. ह्याला मिरजेला नेला. अंगात ताप, शुद्ध आली की एकच, निलव्वा कुठं हाय? डाक्टर म्हणाले, धक्का बसू देऊ नका. मी म्हटलं, वाचली बाबा, भाऊ गावाला घेऊन गेला. भाऊ घेऊन गेलता हे खरंच हुतं की. कशी घेऊन गेला ते तेवढं सांगितलं न्हाई."

"आणि लग्न? मूल?"

"एक खोटं सांगितलं की त्याच्या पाठीवर दुसरं येतंयच. घरी आणल्यावर रोज इचारायचा, निलव्वाचं काय कळलं का? मग कामावरचे बी सांगाय लागले, बरी हाय म्हणं. रायबागच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, बाजारात दिसलती. कुणी तरी म्हणालं, तिचं लगीन ठरलं. सगळी गल्ली एक झाली रे. कुणाच्या तोंडातनं एकदा सुदिक सुटलं न्हाई. पोरगी झाल्याचं मी सांगितलं. पेढं मीच आणलं, गल्लीभर वाटलं. सगळ्यांनी खाल्लं."

मी स्वतः एकदा त्या गल्लीतून जाताना त्या घरचा पेढा खाल्ला होता आणि कशाचा म्हणून विचारलंही नव्हतं.

"गौरव्वा नाव मीच ठेवलं," अक्का म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मी नजर वळवली. "कानडी-मराठी दोन्ही बोलतीया आता. हसली की गालाला खळी पडतीया म्हणं."

"कोण म्हणालं?"

अक्कानं माझ्याकडं असं पाहिलं की प्रश्नच खुळा असावा. "कोण म्हंजे? मीच की."

तिनं ट्रंकेतून एक कुंची काढून दाखवली. खणाची, लाल काठाची, कडेनं मोती लावलेली. रायबागला धाडली असं भावाला सांगून ट्रंकेत ठेवलेली. तिनं ती पुन्हा घडी घालून ठेवली, आणि घडी घालताना आतल्या डोक्याला धक्का लागू नये अशी काळजी घेतली.

"हे बघ," दार उघडता उघडता ती म्हणाली. "हात गेला, पर बाई वाचली, एवढ्या एका गोष्टीवर त्यो जगालाय. ते काढलंस तर त्याच्यापाशी काय ऱ्हातंय? तुझं मशीन काय तरी बोलून बसायच्या आत बंद करून टाक. सांग बिघडलं म्हणून."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. आमच्या गावात लाइट गेली की आधी अंधार होत नाही, आधी शांतता होते. हजारो माग एकदम थांबतात आणि कानात दडे बसल्यासारखं होतं. त्या शांततेत बसूअण्णाच्या चपला लांबूनच ऐकू आल्या. लाइट नाही, हे सांगायला सोन्यासारखं निमित्त होतं. पण मी इन्व्हर्टर बसवला होता आणि टीव्ही माझ्या मागं ढळढळीत चालू होता.

"आज मशीन जरा..." मी सुरुवात केली.

"चालू तर हाय की," म्हणत तो मॅटवर गेला.

मी वायर ओढायला हवी होती. अक्काला शब्द दिला होता. पण त्याचा चेहरा पाहून हात उचलला नाही. तो रात्रभर जागाच असावा. ओठ पांढरे पडले होते.

हात ताणला गेला. घंटी वाजली. दुसरं बाहुलं टोकाशी येऊन उभं राहिलं. बाहेर गल्लीत एक आवाज नव्हता.

"बसू, घरी चल."

चन्नक्का दारात होती. मी कबूल केलेलं करीन असा तिला भरवसा नसावा, आणि तिचं चुकलं नव्हतं. ती चपला काढून आत आली, भावाचा दंड धरायला हात पुढं केला, आणि तिची नजर पडद्यावर गेली. हात तिथंच थांबला.

"सन्मती, ती कोण?"

"कुणी नाही अक्का. मशीनची चूक आहे."

"चूक कशी? खांदा बघ की तिचा. उजवा खांदा पाडून उभी ऱ्हायची ती. बादल्या उचलून उचलून पडलता." अक्काचा आवाज चिरकला. तिनं पडद्यापुढं हात जोडले. "निलव्वा, चुकलं गं माझं. पाया पडते तुझ्या. तू गेल्यावर तुझं लगीन लावलं मी. तुझ्या नावानं पोर..."

तिनं झटकन तोंडावर हात दाबला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. मी पुढं सरकलोही. अण्णा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "रडू नकोस अक्का. मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"ती गेली ते. तवाच कळलं. ताणलेला पदर एकाएकी ढिला पडला हातात. सूत तुटल्यालं बघावं लागत न्हाई, हाताला कळतंय."

"आन्... आन् पेढं?"

"पेढा तोंडात घातला आन् कळलं, हा आपल्याच चौकातला. रायबागला कुठं घालत्यात एवढा वेलदोडा?"

एरवी मला हसू आलं असतं. अक्का त्याच्याकडं बघतच राहिली. "मग बोलला का न्हाईस रे? चार वर्सं?"

"कसा बोलू? तू पोरीच्या बाललीला सांगत हुतीस. पहिलं पाऊल टाकलं, दात आला. जल्मात तुझं तोंड तसं बघितलं न्हवतं मी. म्हटलं, पदर धरून ठेवू या. तेवढ्यासाठी निलव्वा हितं ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे." तो धापा टाकत होता. पडद्यावरचा हात कापत होता. "पर आता दुखतंय अक्का. लई दुखतंय गं. सोडू?"

"नको!"

ते इतक्या झटक्यात आलं की तिची तीच दचकली. मग हळू, लहान मुलीसारखी म्हणाली, "नको बसू. ती गेली की पोरगी बी जाईल."

अण्णानं मान डोलावली आणि दात आवळून पुन्हा ताठ उभा राहिला. धरून ठेवण्यासाठी. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, घाम की काय ते कळत नव्हतं. मला सगळं टाकून पळून जावंसं वाटत होतं.

अक्कानं भावाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मला वाटतं, चार वर्षांत पहिल्यांदाच तिनं नीट पाहिलं असावं. ती पदर खोचून मॅटवर चढली आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, बरोबर त्या जागेवर. पडद्यावरचं लहानखुरं बाहुलं हललं. अक्का वाकली तसं तेही वाकलं. मशीनला अखेर खरं माणूस सापडलं असेल. असेल, मी शपथेवर काही सांगत नाही. कारण बाहुल्याचा उजवा खांदा अजून पडलेलाच होता, आणि अक्काचे दोन्ही खांदे सरळ होते.

अक्कानं दोन्ही हात पुढं केले आणि कमरेच्या जरा वर, हवेत, काहीतरी धरलं. पडद्याकडं ती पाहत नव्हती. तरी जागा चुकली नाही. आधी तिनं अंगठा उचलला. मग एक बोट. मग दुसरं. मऊ हातानं, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खेळणं काढावं तसं. प्रत्येक बोटाला अण्णाच्या तोंडून कण्हण्याचा आवाज येत होता. शेवटचं बोट निघेना.

"सोड बाळा," अक्का म्हणाली. "मी धरलंय."

पडद्यावर अण्णाचा उजवा हात खाली आला. सरळ, सैल, मांडीच्या बाजूला येऊन लोंबू लागला.

अक्कानं मूठ आवळून घेतली. आमच्या दोघांकडं पाहिलं नाही. "चल गं बाई," ती म्हणाली आणि मूठ मागं धरून, पावलापावलाला थांबत, दाराकडं चालू लागली. एखाद्या बुजऱ्या पाहुणीला घरी नेताना चालतात तशी. उंबऱ्यापाशी एक क्षण थांबून तिनं मागच्याला जागा दिली, मग उन्हात उतरली. चपला दारातच राहिल्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, दुसरा खेळाडू बाहेर गेला.

अण्णा जागच्या जागी उभा होता. डावा हात उजव्या खांद्याखाली नेऊन तो हवेत चाचपत होता.

"अण्णा," मी विचारलं, "अजून दुखतंय?"

त्यानं मान हलवली. मग तो मॅटवर बसला आणि त्या गप्प गावात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं रडू लागला.

"न्हाई रे सन्मती," तो म्हणत होता. "न्हाई दुखत. कायच दुखत न्हाई."